आमी म्हणजे कोण

त्या अमेरिकन बाईंवर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला, आणि आज इतक्या वर्षांनी तो पुरता फिटला आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. संशय हा आमच्या आईकडून आलेला गुण. ती मुरबाडच्या बाजारात वांगी एकेक उलटसुलट करून घेते आणि घरी आल्यावर पिशवी ओतून पुन्हा बघते. मी तिचीच मुलगी. कारण नसताना कोणी गोड बोललं की माझ्या कपाळाला आठी पडते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुरबाडजवळच्या आमच्या गावातून एसटीनं शहापूरच्या कॉलेजात जायचे, बी.ए.ला, इतिहास घेऊन. त्या वर्षी अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता आणि तो गाईडच्या भरवशावर पार पाडायचा माझा बेत होता. गाईडमधल्या अमेरिकेत माणसं नव्हतीच. कारणं होती, परिणाम होते आणि थोडक्यात टिपा होत्या. यादवी युद्धाची कारणं मला झोपेतून उठवून विचारली असती तरी घडाघडा सांगितली असती. पण त्या देशात भांडी कोण घासायचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि ते परीक्षेला येणारही नव्हतं.

त्याच वर्षी बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतली ती कंपनी बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायची. बाबा तिथं मशीनवर होते. भाताची थोडी जमीन होती, पण घर चालायचं ते कंपनीवर. एका दुपारी कंत्राटातल्या एका माणसाचा हात मशीनमध्ये अडकला. सुपरवायझर कोणाला तरी विचारायला ऑफिसकडे निघाला. तेवढ्यात कोणीतरी मेन स्विच खाली ओढला आणि सगळी लाईन बंद पाडली. हात निघाला, बोटं मात्र गेली. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि जीप वळणाआड जाते न जाते तोच सुपरवायझर म्हणाला, चला, लाईन चालू करा. एकानंही केली नाही. मशीनमधलं वितळलेलं प्लास्टिक आतल्या आत गोठलं आणि मशीनं निकामी झाली. दुसऱ्या दिवशी गेटला टाळं, आणि टाळ्याशेजारी नोटीस. परवानगीशिवाय स्विच ओढणाऱ्याचं नाव सांगा. तो एक जण कायमचा घरी जाईल, बाकीच्यांनी कामावर यावं.

नाव कोणी सांगितलं नाही. सगळे गेटसमोर निळ्या ताडपत्रीखाली बसून राहिले.

मला मात्र ते नाव माहीत होतं. बाबांचं मशीन स्विचच्या पेटीला अगदी लागून होतं. शिवाय अपघाताच्या संध्याकाळी आईनं विचारलं होतं, "कोणी बंद केली लाईन?" आणि पायांवर पाणी घेता घेता बाबा म्हणाले होते, "आमी."

हे 'आमी' जरा समजावून सांगायला हवं. बाबा स्वतःला कधी 'मी' म्हणालेच नाहीत. "आमी जेवलो" म्हणजे ते एकटे जेवले. "आमी चाललो" म्हणजे ते एकटे चालले. गावातल्या बऱ्याच पुरुषांची ही रीत होती, पण बाबांची जरा जास्तच. आई चिडवायची, "आमी आमी करताव, मग ताट एकच कशाला मांडायला सांगताव?" त्यामुळं ते संध्याकाळचं 'आमी' मी एकट्या बाबांचंच धरलं. माझा बाप कामावरून जाणार आणि तो गेला की माझं कॉलेजही जाणार, हे मला तिथल्या तिथं दिसलं.

ताडपत्रीखाली आणखी एक भीती होती, कॅमेऱ्याची. त्याआधी कधीतरी नवे गेटपास करायचे म्हणून कंपनीनं फोटोवाला आणला होता. एकेकाला भिंतीशी उभं करून छातीशी पाटी धरायला लावली, पाटीवर खडूनं त्याचं नाव. मग काही दिवसांत कंत्राटातले बरेच लोक कमी झाले. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, देव जाणे. पण तेव्हापासून रोज कोणीतरी म्हणायचंच, आधी फोटो काढतात, मग माणूस काढतात. हसायचे सगळे, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की माना खाली जायच्या.

अशा वेळी आमच्या इतिहासाच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. एक अमेरिकन बाई पुण्यात राहून मराठी शिकल्या आहेत, अमेरिकेतल्या कामगारांचा इतिहास हा त्यांचा विषय, इथल्या गेटवरच्या माणसांना भेटायचं म्हणतात. "तुझे वडील तिथं आहेत, तुझा अमेरिकेचा पेपर आहे. तू त्यांच्याबरोबर राहा." बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझे वडील तिथं आहेत हे सरांना कसं कळलं? त्यांना ते मीच सांगितलं होतं, हे मुरबाड आल्यावर आठवलं. पण तोवर सरांवरचा विश्वास थोडा उडालाच होता.

बाई कल्याणहून एसटीनं आल्या. मध्यम वयाच्या, सलवार-कमीज, खांद्याला मोठी झोळी, हातात पुठ्ठ्यांचं बाड. ताडपत्रीशी येऊन हात जोडून म्हणाल्या, "आपली परवानगी असेल तर मी येथे बसू का?"

असं मराठी आमच्याकडे फक्त तहसीलदार कचेरीत बोलतात, तेही काम करायचं नसेल तेव्हा. मागून एकजण पुटपुटला, "सरकारी हाय."

बाबांनी सरकून जागा दिली. मी मनातल्या मनात नोंदवलं की बाई नेमक्या अशा ठिकाणी बसल्या, जिथून गेट दिसत होतं आणि गेटवाल्याला त्या दिसत होत्या.

मग त्यांनी पुठ्ठे मांडले. प्रत्येक पुठ्ठ्यावर एक जुना काळापांढरा फोटो. सूतगिरणीत मागांच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरी. खाणीतून वर आलेली, कोळशानं माखलेली माणसं, नुसते डोळे चमकणारी. बर्फात ठोकलेले तंबू आणि तंबूंपुढं शाली गुंडाळून बसलेल्या बायका. खाणीत काम बंद पडलं म्हणून मालकानं त्यांना खोल्यांतून बाहेर काढलं होतं, कारण खोल्याही मालकाच्याच होत्या. बाई सांगत होत्या, हा माझ्या देशाचा इतिहास आहे.

आमची माणसं फोटोंवर वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मग एकानं विचारलं, "ही पोरं अनवाणी का?"

"त्यांच्याकडे पादत्राणे नव्हती."

"अमेरिकेत?"

"हो."

त्यानं आमच्याकडे बघून डोळा मारला. बाई थापा मारतात असा त्याचा अर्थ होता. आमच्या गावात अमेरिका म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तिथं माणसाला दोन गाड्या असतात आणि भांडी मशीनमध्ये धुतात. दुसरा म्हणाला, "हे बिहारकडलं असंल." तिसरा खाणवाल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "गोरे असते तं गोरे दिसले असते ना?" बाई कोळसा कोळसा म्हणून समजावत राहिल्या, आणि त्या जितकं समजावत तितका लोकांचा संशय पक्का होत गेला. मलाही खरं सांगायचं तर शंका होती. गाईडमध्ये या लोकांवर टीपसुद्धा नव्हती.

मग एक फोटो आला आणि सगळे एकदम पुढं सरकले. एका फाटकासमोर टोप्या घातलेली माणसं रांगेनं उभी, प्रत्येकाच्या छातीवर पाटी आणि पाटीवर काहीतरी लिहिलेलं.

"आयला," बाबांच्या शेजारचा म्हणाला, "यांचा पण गेटपास निघाला."

त्या पाट्यांवर मागण्या होत्या. मजुरी वाढवा, तास कमी करा, आमच्या माणसांना परत घ्या. मी वाचून अर्थ सांगितला. ऐकलं सगळ्यांनी, पण पटलं कोणालाच नाही. छातीवर पाटी म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे संपलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गंमत अशी की त्या चुकीनंच ती माणसं त्यांना खरी वाटायला लागली. अमेरिका बिहारमधून उठून परत अमेरिकेत गेली. "यांना परत घेतला का मग?" असं लोक काळजीनं विचारायला लागले.

"काहींना घेतलं. ही माणसं कोण होती ते मात्र आज कुणालाच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठे उलटे करून दाखवले. जवळजवळ प्रत्येकामागं इंग्रजीत तेच लिहिलेलं, नाव अज्ञात. "याचं मला फार दुःख होतं."

"नाव नाय सांगितला, बरा केला," बाबा म्हणाले. बाईंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुठ्ठे सरळ करायला लागले.

दुपारी बाबा त्यांना घरी जेवायला घेऊन आले. मला हे अजिबात आवडलं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यातच कंपनीचे लेबर ऑफिसर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्याकडे येऊन गेले होते. खुर्चीवर बसून, आईला वहिनी वहिनी करत, हळूच विचारलं होतं, "घरी काही बोलले का, स्विच कोणी ओढला?" आईनं पदर तोंडाला लावला, हसली आणि म्हणाली, "मना काय ठावं सायब, मी दिसभर शेतावं." पेढे तिनं गुरवाकडे देऊन टाकले.

बाईंना तिनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बाईंनी दोनदा मागून घेतलं आणि वाल मोड आणून सोलतात कसे तेही विचारलं. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "एवढा गोड कशाला बोलतं गो ही?" मला वाटलं, चला, घरात निदान एक तरी शहाणं माणूस आहे.

जेवणानंतर बाईंनी झोळीतून टेपरेकॉर्डर काढला. त्यांना एक कॅसेट ऐकवायची होती. बर्फातल्या त्या तंबूंमध्ये लहानपण गेलेली एक म्हातारी होती, तिच्या उतारवयात कोणीतरी तिचं बोलणं टेप केलं होतं. आवाज खरखरीत, मध्येच खोकला, मागं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. मी जमेल तसं मराठीत सांगत होते. तंबूत पाणी गोठायचं. आई चुलीवर बर्फ वितळवायची. घोड्यांवरून शिपाई यायचे. माझी आई पापड वाळत घालायचं विसरून भिंतीला टेकून ऐकत होती.

मग टेपवरच्या माणसानं म्हातारीला विचारलं, काम बंद पडलं त्या दिवशी खाणीत पहिली कुदळ खाली कोणी ठेवली? थोडा वेळ नुसती खरखर. मग ती हसली आणि म्हणाली, फार जुनी गोष्ट झाली बाळा, आता आठवत नाही.

"वयामुळे विसरल्या," बाई हळहळल्या.

"काय म्हणली ती?" आईनं मला विचारलं. मी सांगितलं.

"इसरंल कशाला," आई म्हणाली. "सांगत नाय ती."

गाईडमधल्या त्या माणसांशिवायच्या देशात पहिल्यांदा मला एक बाई भेटली, आणि ती आमच्याच घरातली निघाली. इतक्या वर्षांनी, मालक मेला असेल, खाण बुजली असेल, तरी हिनं तोंड उघडलं नाही. मला तिचा विलक्षण अभिमान वाटला, आणि लगेच दुसरा विचार आला, की मग ती टेप करणारी माणसं नक्की कोणाची होती?

बाईंनी कॅसेट बदलली. कोरी घातली. बाबांकडे बघून म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर..."

"हरकत आहे," मी म्हणाले. "नाव कळलं तर काम जाईल."

"नाव मी विचारणार नाही."

"आवाज ओळखू येतो."

बाबांनी मला हातानं गप्प केलं. आजही मला कळत नाही की त्यांनी तेव्हा हो का म्हटलं. कदाचित त्या म्हातारीला उत्तर द्यायचं राहून गेल्यासारखं वाटलं असेल. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला. बाबांनी सगळं सांगितलं. हात कसा अडकला, सुपरवायझर कसा ऑफिसकडे निघाला, तो माणूस कसा ओरडत होता. बोलता बोलता ते त्या जागी आले आणि सहज म्हणून गेले, "मंग लाईन आमी बंद केली."

बाईंनी मान वर केली. "आम्ही म्हणजे? तुम्ही एकटे, की सगळे मिळून?"

या बाईला एकट्याचं 'आमी' कोणी शिकवलं? पुण्यात असं कोणी बोलत नाही. माझी खात्रीच पटली, हिला पढवून पाठवलंय. कॅसेटची चाकं फिरत होती. आई दारात उभी होती. बाबा बाईंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आमी म्हंजे आमी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताडकन म्हणाले, "सगळे. सगळे मिळून."

त्या कॅसेट घेऊन गेल्या. पुढचे दिवस मी गेटच्या बातमीकडे कान लावून काढले. लेबर ऑफिसर पुन्हा एकदा आमच्या दारात आले, या वेळी पेढ्यांशिवाय. "त्या परदेशी बाईला काय काय सांगितलंत?" आई म्हणाली, म्हणजे यांच्याकडं टेप नाय. मी म्हटलं, असंही असेल की टेप आहे आणि नाही असं दाखवतायत. आईनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

शेवटी चौकशी बसली. मुंबईहून एक साहेब आले, एकेकाला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, स्विच कोणी ओढला. प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. त्यांनी ते कधी ठरवलं, कोणी ठरवलं, मला माहीत नाही. ठरवलं होतं की नाही तेही माहीत नाही. पहिला आत गेला आणि म्हणाला, आमी. दुसरा म्हणाला, आमी. बाबा म्हणाले, आमी. मुंबईच्या साहेबांनी शुद्ध मराठीत लिहून घेतलं की आम्ही सर्वांनी ओढला. सगळ्यांना कामावरून काढलं असतं तर झाकणं कोण बनवणार? सगळ्यांना ताकीद मिळाली आणि गेट उघडलं. बोटं गेलेल्या माणसालाही गेटवर बसायचं काम मिळालं. बाबा कामावर गेले त्या दिवशी आई देवळात नारळ फोडून आली, आणि मी पहिल्यांदाच तो नारळ आतून खराब तर नाही ना, हे बघितलं नाही.

पुढं दोन हजारनंतर कंपनीच मुरबाडमधून उठली. मशीनं ट्रकात घालून दुसऱ्या राज्यात गेली. बाबा एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर राखणीला लागले. मी खर्डीच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले. आणि एका सुट्टीत त्या बाई परत आल्या, कल्याणहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. केस पिकले होते. मराठी आता बरंच आमच्यासारखं झालं होतं.

त्यांनी बाबांच्या बोलण्याचं इंग्रजी मला दाखवलं. सगळं नीट उतरवलेलं. एका शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता. 'वी', म्हणजे आम्ही.

"हे मी खूप वेळा ऐकलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा नुसती शंका आली होती, नंतर कळलं की इकडे एकटा माणूससुद्धा आमी म्हणतो. कंपनी गेली. आता कोणाचं नुकसान नाही. त्यांनी एकट्यानं हे केलं असेल तर त्यांचं नाव राहायला हवं. आमच्या फोटोंचं जे झालं ते यांचं होऊ नये."

खरं सांगते, मी विरघळले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं सरळ वाटलं. माझ्या बापानं एका माणसाचा हात वाचवायला स्वतःची नोकरी पणाला लावली होती, आणि ते जगाला कळावं असं मला फार फार वाटलं. वर्गात मुलांना मी राजांची नावं पाठ करायला लावते, तिथं माझ्या बाबांचं एक नाव का नसावं?

मी त्याच दुपारी फार्महाऊसवर गेले. बाबा हिरवळीला पाणी घालत होते.

"बाबा, आता सांगायला काय हरकत नाय. कंपनी गेली. लाईन तुमीच बंद केली ना?"

"आमी."

"आमी म्हणजे तुमी एकटे ना?"

त्यांनी पाईप खाली टाकला. पाणी गवतात वाहायला लागलं. ते माझ्याकडे बघत राहिले, माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

"कोणासाठी इचारतेस गो?"

"कोणासाठी म्हणजे? मी विचारते. माझ्यासाठी."

"तुला कोणी सांगितला का आमी एकटे?"

कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांचं मशीन पेटीला लागून होतं, एवढाच माझ्याकडचा पुरावा. त्या ऑफिसरकडेही तेवढाच होता. मी पहिल्या संध्याकाळीच माझ्या बापाचं नाव मनात लिहून टाकलं होतं आणि इतकी वर्षं त्यावर कधी शंकाही घेतली नव्हती. सगळ्या जगावर शंका घेणारी मी.

"मंग काय सांगू बाईंना?" मी विचारलं.

"सांग, आमी." त्यांनी पाईप उचलला आणि पाठ फिरवली.

बाबांनी माझ्यावर संशय घेतला तो आयुष्यात एकदाच. मला राग आला, आणि फाटकाबाहेर आल्यावर रडूही आलं. पण त्यांच्या जागी मी असते, तर मीही मला नाव सांगितलं नसतं.